लगूनमधील वाळू

मुलांनो, पुढच्या वेळी समुद्रावर गेलात म्हणजे मूठभर वाळू हातात घ्या आणि नीट पाहा. आपले मॉरिशस बेट ज्वालामुखीतून तयार झाले आहे. येथील खडक काळे आहेत. मग किनाऱ्यावरची वाळू पांढरी कशी?

ही वाळू खडकांची नाही. प्रवाळ, शिंपले आणि समुद्रातील चुनायुक्त शैवाल यांचा तो भुगा आहे. लाटा प्रवाळ फोडतात. ‘काटो’ म्हणजे पोपटमासा. तो चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून खातो. न पचलेला चुना त्याच्या पोटातून बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. हे ऐकून तुम्हांला हसू येईल, पण आपण ज्या वाळूत किल्ले बांधतो, तिच्यात काटोचाही वाटा असतो. अशी वाळू साठायला फार मोठा काळ लागतो.

बेटाच्या बहुतेक बाजूंना प्रवाळाची भिंत आहे. ती भिंत आणि किनारा यांमधील उथळ, शांत पाण्याला आपण लगून म्हणतो. या लगूनमधून अनेक वर्षे वाळू काढली जात असे. त्याला कारणही तसेच होते. १९६० साली आधी ‘अलिक्स’ आणि मग ‘कॅरोल’ अशी दोन चक्रीवादळे आली. लाकडाची, गवताची, पत्र्याची हजारो घरे कोसळली. त्यानंतर लोक काँक्रीटची घरे बांधू लागले. काँक्रीटला वाळू हवीच. डोक्यावर भक्कम छप्पर असावे असे कोणाला वाटणार नाही?

माएबूर, पूद्र दोर अशा गावांचे मजूर होड्या घेऊन लगूनमध्ये जात. पाण्यात उभे राहून फावड्याने वाळू उपसत, होडी भरत आणि किनाऱ्यावर आणून रिकामी करत. काम अतिशय कष्टाचे होते. वर्षाला लाखो टन वाळू अशी बाहेर पडे.

आता पाण्याखाली काय होत होते ते पाहा. वाळूबरोबर समुद्रगवत मुळासकट उपटले जाई. या गवतात माशांची पिल्ले लपतात. गवत गेले की त्यांचा आसरा गेला. उपशामुळे पाणी गढूळ होई. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला सूर्यप्रकाश लागतो. गढूळ पाण्यातून तो पुरेसा पोहोचत नाही. शिवाय गाळ बसून प्रवाळ गुदमरतो. तळाला खड्डे पडले, पाणी खोल झाले, की लाटा अधिक जोराने किनाऱ्यावर येतात आणि वाळू ओढून नेतात. किनाऱ्यावर फिलाओच्या झाडांची मुळे उघडी पडलेली तुम्ही पाहिली असतील. लाटांनी खालची वाळू नेली की अशी मुळे उघडी पडतात.

ऑक्टोबर २००१ पासून सरकारने लगूनमधून वाळू काढण्यास बंदी केली. बंदी योग्यच होती. परंतु ज्या घरांत बापानंतर मुलगा हेच काम करत आला होता, त्या घरांना ती सोपी गेली नाही. सरकारने मजुरांना नुकसानभरपाई दिली. तरी उतारवयात नवे काम शिकणे किती कठीण असते, हे तुमच्या आजोबांना विचारा.

आज बांधकामासाठी काळा दगड यंत्राने भरडून वाळू करतात. उसाच्या शेतांतून काढलेले दगडही त्यासाठी उपयोगी पडतात. समुद्र सुटला, पण दगडाच्या खाणीलाही जमीन लागतेच. तिथली वरची सुपीक माती खरवडली जाते, आसपासच्या झाडांवर धूळ बसते, खड्ड्यांत पाणी साचून डास होतात.

तुमचे घर २००१ पूर्वी बांधलेले असेल, तर एखाद्या जागी गिलावा उडाला आहे का ते शोधा. तिथे बोट फिरवून पाहा. कदाचित शिंपल्याचा एखादा पांढरा तुकडा बोटाला लागेल.