दिवस पुरत नाही म्हणतेस, म्हणून

"ताई, वेळच भेटत नाही वं," एवढं तू म्हणालीस आणि फोन कटला. सेमाडोहची रेंज तेवढंच बोलू देते, म्हणून बाकीचं लिहून पाठवते. रात्री निवांत वाच.

नर्स म्हणून तुझी दगदग खोटी नाही, हे मी आधी सांगते. लसीकरणाचा दिवस, गरोदर बायांच्या घरभेटी, कमी वजनाची लेकरं, रजिस्टरं, आणि रजिस्टरात लिहिलेलंच पुन्हा मोबाईलवर भरणं. पावसाळ्यात सिपना नदी फुगली की पलीकडच्या गावाला जायचं म्हणजे सगळा दिवस गेला. दिवाळीनंतर कोरकू कुटुंबं कामाच्या शोधात मेळघाटाबाहेर पडतात. होळीला परत आली की चुकलेल्या लसी, हरवलेली कार्डं, सुकलेली बाळं, सगळं एकदम तुझ्या दारात. हे काम तू टाकावंस असं मी कधीच म्हणणार नाही.

मला बोलायचंय ते दुसऱ्या कामांबद्दल. रविवारी एसटीनं घाट उतरून परतवाड्याला उपासनेला येतेस, ते ठीक. पण आलीस की संडे स्कूल तुझ्याकडे, गायन तुझ्याकडे, महिला मंडळाचं चिटणीसपद तुझ्याकडे. लेंटमध्ये घरोघरच्या प्रार्थना, डिसेंबरात कॅरल आणि पोरांचं नाटक. संध्याकाळी परत घाट चढतेस तेव्हा अंगात त्राण नसतं. आणि मग मला विचारतेस, प्रार्थनेत मन का लागत नाही?

अगं, देवाच्या नावानं चाललेली धावपळ ओळखणं फार अवघड असतं. दवाखान्याचं काम जास्त झालं तर आपण कुरकुरतो, सुट्टी मागतो. मंडळीचं काम जास्त झालं की आपल्याला वाटतं, आपला विश्वास वाढतोय. लोकही कौतुक करतात. लूकच्या दहाव्या अध्यायातली मार्था प्रभूसाठीच राबत होती ना? तिच्या रांधण्यात वाईट काहीच नव्हतं. पण शेवटी ती कुणावर चिडली बघ. आधी बहिणीवर, आणि मग ज्याच्यासाठी चूल पेटवली होती त्या पाहुण्यावरच. अलीकडे तुझ्याही बोलण्यात तो राग येतोय. संडे स्कूलच्या लेकरांबद्दल बोलताना आला, पाळकबाईंबद्दल बोलताना आला. मला काळजी तुझ्या थकव्यापेक्षा त्या रागाची वाटते.

पंडिता रमाबाईंचं नाव तू लहानपणापासून ऐकलंस, पण त्यांच्याकडे या नजरेनं कधी पाहिलंस का? १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या मेळघाटाला लागूनच्या मुलखात, फिरल्या आणि उपाशी मुली-बायांना घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजाराहून जास्त जणी होत्या. त्यांचं जेवण, कपडे, आजारपण, शिक्षण, हिशेब, देणगीदारांची पत्रं. वेळ नाही म्हणण्याचा हक्क कुणाला असेल तर तो या बाईंना होता. आणि त्याच वर्षांत त्यांनी पवित्र शास्त्र मूळ भाषांतून मराठीत आणायला घेतलं. साध्या, कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं अशा मराठीत. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. वर्षानुवर्षं ते काम चाललं, आणि ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

हे झालं कसं? त्या कमी झोपत होत्या, असं उत्तर देऊन आपण मोकळे होतो. मला ते उत्तर पटत नाही. त्यांनी कामं सोपवली, हे मला जास्त खरं वाटतं. लेक मनोरमा होती, सुंदराबाई पवार होत्या, अमेरिकेहून आलेल्या मिनी अब्राम्स होत्या. छापखान्यात मुक्तीच्याच बाया खिळे जुळवायला शिकल्या आणि ते शास्त्र त्यांनीच छापलं. ज्यांना दुष्काळातून उचलून आणलं, त्यांच्यावर इतकं मोठं काम टाकायला मन मोठं लागतं. 'ह्या पोरींना काय जमणार, त्यापेक्षा मीच करते' असं रमाबाई म्हणाल्या असत्या तर भाषांतर झालं नसतं आणि त्या पोरीही तशाच राहिल्या असत्या.

तू मात्र ते वाक्य वरचेवर म्हणतेस. गायनाला दुसरी कुणी नाही म्हणतेस, पण कुणाला कधी पेटीवर बसवलंस? निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसतो, तेव्हा सासरा इथ्रो त्याला तोंडावर सांगतो की, हे बरं नाही, तू झिजशील आणि लोकही झिजतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला लावतो. सासऱ्यानं बोलावं आणि मोशेनं ऐकावं, यात मला मोशेचा मोठेपणा दिसतो.

आता सकाळचं. तू म्हणतेस, पहाटे उठलं की पहिला विचार कालच्या राहिलेल्या कामाचा. मार्कचा पहिला अध्याय काढ. कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं, प्रभूनं पुष्कळ आजारी बरे केले. दुसऱ्या दिवशी तो अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन शोधत आला, सगळे तुला शोधताहेत म्हणाला. प्रभू परत फिरला नाही, पुढच्या गावांकडे निघाला. दाराशी माणसं उभी असताना. तुझ्यासारख्या नर्सला हे वाचून जीव चरकेल, माझाही चरकतो. पण गरज पाहून धावत सुटलं तर रांग कधी संपत नाही. कुठे जायचं ते त्यानं पहाटे बापाशी बोलून ठरवलं होतं. तू फोन हातात घ्यायच्या आधी थोडा वेळ बस. लांबलचक प्रार्थना नको. आजच्या भेटींची नावं घे, एवढं पुरे.

आणि एक सांगते, सगळेच खोळंबे शत्रू समजू नकोस. याईराच्या मरणाला टेकलेल्या लेकीकडे जाताना प्रभू वाटेत एका बाईसाठी थांबला, तिचं सगळं ऐकून घेतलं. मेळघाटातली माणसं आजही भूमकाकडे, म्हणजे गावातल्या वैदूकडे, जातात, याला मला एक कारण असंही दिसतं की तो त्यांच्याजवळ बसतो. उपचार तुझे खरे, पण तुझी नजर घड्याळावर असेल तर कोरकू माय पुढच्या वेळी लेकराला तुझ्याकडे आणायला बिचकेल. म्हणून मंडळीतली चार कामं सोड आणि तो वेळ तिथे, तिच्या ओसरीवर बसायला दे. ती बैठकही सेवाच आहे, साक्षही आहे.

विसाव्याच्या दिवसाचं तुला अपराधी वाटतं, हे मला ठाऊक आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याची आज्ञा देताना देवानं दासदासी मोजल्या, बैल आणि गाढवही मोजलं. आपल्या वऱ्हाडात पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे शेकतात. बैलाला जे मिळतं ते तू स्वतःला नाकारतेस. रविवारी कुणी अडली आणि बोलावणं आलं तर जरूर जा. विहिरीत पडलेल्या बैलाला शब्बाथाच्या दिवशीही काढतात, असं प्रभूच म्हणाला. पण मग आठवड्यात दुसरा अर्धा दिवस घे. त्या वेळात कपडे धू नकोस, माहिती भरू नकोस. झोप आली तर झोप. दमून मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूतानं उपदेश केला नाही, त्याला झोपू दिलं आणि उठवून भाकर-पाणी दिलं.

तेव्हा आता असं कर. संडे स्कूल ठेव, लेकरांत तुझा जीव रमतो. चिटणीसपद सोड. गायन मंडळीतल्या दोघी बहिणींच्या हाती दे. पहिले काही रविवार सूर चुकतील, चुकू दे. या डिसेंबरात नाटक बसवायला घेऊ नकोस. पाळकसाहेबांना हे स्वतः भेटून सांग, माझ्याकरवी निरोप पाठवू नकोस. आणि पुढच्या रविवारी उपासना सुटली की थेट माझ्याकडे जेवायला ये, येताना हातात एकही वही आणू नकोस.