जुनी खिडकी, नवे यंत्र

जानेफळ हे बुलढाणा जिल्ह्यातले, मेहकर तालुक्यातले गाव. इथल्या कितीतरी घरांना लाकडी खिडक्या आहेत. पावसाची झड लागली, की खिडकीचे दार अडकते. मग कुणी ते दगडाने ठोकतो. कुणी म्हणतो, "काढून टाका, नवीच बसवा."

आम्ही म्हणतो, जरा थांबा. आधी खिडकी नीट पाहू या.

लाकूड ओल धरते आणि फुगते. ते लांबीत फारसे वाढत नाही, रुंदीत वाढते. म्हणून पावसाळ्यात दार चौकटीत अडकते. तेव्हाच ते तासू नका. पुढे लाकूड वाळते, आकसते. मग फट पडते आणि वारा आत येतो. दिवाळीनंतरही दार अडकत असेल, तरच रंधा मारा.

आता दाराची खालची आडवी पट्टी बघा. पावसाचे पाणी ओघळून तिथेच थांबते. त्यात एक खिळा खुपसा. सहज आत गेला, तर लाकूड कुजले समजा. बाकीच्या पट्ट्याही अशाच तपासा. पुष्कळदा त्या धड निघतात. मग एका पट्टीसाठी सबंध खिडकी टाकायची कशाला?

नवी पट्टी चांगल्या वाळलेल्या लाकडाची घ्या. आता बऱ्याच सुतारांकडे विजेवर चालणारे यंत्र असते. एकाच मोटरीवर गोल करवत चालते, रंधा चालतो, भोक पाडायचे गिरमिटही चालते. पट्टी कापायची, साफ करायची, टोकांना कुसू काढायचे. कुसू म्हणजे पट्टीचे बारीक केलेले टोक. ते उभ्या पट्टीच्या खाचेत घट्ट बसते. हाताने वेळ खाणारे हे काम यंत्रावर लवकर होते.

पण यंत्राला डोळे नाहीत, बरं का! लाकूड कोणते नि बोट कोणते, हे त्याला कळत नाही. म्हणून एवढे सांभाळा :

१. जुन्या लाकडातले खिळे, स्क्रू, बिजागऱ्या आधी काढा. लोहचुंबक फिरवून पाहा. करवत खिळ्यावर गेली, तर तुकडा उडून डोळ्यात जाईल. चष्मा लावा.

२. उपरणे, पदर, धोतराचा सोगा आवरा. हातमोजे घालू नका. फिरते पाते कापड ओढते, त्याबरोबर हातही ओढते.

३. करवतीच्या सरळ रेषेत उभे राहू नका. लाकूड अडकले, तर ते उलटे अंगावर येते.

४. पट्टीचे शेवटचे टोक हाताने ढकलू नका. लाकडी काठीने ढकला.

५. पाते बदलताना नुसते बटन बंद करून भागत नाही. प्लग काढून ठेवा.

६. नाकातोंडाला धुळीचा चांगला मास्क लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ कर्करोगाचे कारण ठरवली आहे.

पट्टी बसली, की दाराच्या खालच्या कडेला आणि लाकडाच्या टोकांना जवसाचे तेल द्या. लाकडाचे कापलेले टोक पाणी फार लवकर ओढते. तेलाची चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापते आणि पेटूही शकते. ती बाहेर मोकळी पसरून वाळवा.

नीट तपासले, तर थोड्या लाकडात खिडकी पुन्हा कामाला येते. घाई करू नका. पट्टी चुकली, तर दुसरी कापता येते. गेलेले बोट परत येत नाही.

सांगा पाहू :
१. पावसाळ्यात खिडकी का अडकते?
२. लाकूड कुजले, हे कसे ओळखाल?
३. यंत्रावर हातमोजे का घालू नयेत?
४. तुमच्या घरातली कोणती खिडकी आधी तपासाल?