'सुतार' म्हणजे कोण?



१ मे रोजी आपण कामगार संत योसेफ यांचा सण पाळतो. पोप बारावे पायस यांनी तो १९५५ साली सुरू केला. संत योसेफ सुतार होते हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण शुभवर्तमानात मूळ शब्द कोणता आहे?

तो आहे ग्रीक 'टेक्टोन'. नव्या करारात तो दोनच ठिकाणी येतो. मत्तय (१३:५५) येशूला टेक्टोनचा पुत्र म्हणतो, तर मार्क (६:३) खुद्द येशूलाच टेक्टोन म्हणतो. टेक्टोन म्हणजे मुख्यतः लाकूडकाम करणारा, पण घरबांधणी करणाराही. 'आर्किटेक्ट' म्हणजे मूळ अर्थाने टेक्टोनांचा प्रमुख. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन लिहितात की, येशू नांगर आणि जू बनवत असे. आपले जू सोयीचे आहे असे प्रभू म्हणाले (मत्तय ११:३०), ते जू घडवणाऱ्याचे बोलणे होते. बैलाच्या मानेला न काचणारे जू तासणे सोपे नसते!

हा 'तासणे' शब्दही पाहा. संस्कृतात सुताराला 'तक्षन्' म्हणत. तक्षन् आणि टेक्टोन एकाच मुळाचे शब्द, आणि 'तासणे' त्याच घराण्यातले. आपली मुले पेन्सिल तासतात तेव्हा नाझरेथच्या कारखान्यातलाच शब्द वापरतात, म्हणा ना!

'सुतार' मात्र वेगळ्या वाटेने आला. तो 'सूत्रधार' या शब्दापासून, म्हणजे हाती सूत धरणारा. रंगात भिजवलेली दोरी ताणून फळीवर सरळ रेघ मारायची, मग करवत चालवायची. माप सांगताना आजही सुतार 'दोन सूत कमी कर' म्हणतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

आपल्या देवगडात सुताराला आपण 'मेस्त्री' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला. मेस्त्रे म्हणजे उस्ताद, गुरू. त्याचे मूळ लॅटिन 'मागिस्तेर'. नाझरेथकरांनी येशूला टेक्टोन म्हटले ते कौतुकाने नव्हे. आपल्या गावात राबणारा, ज्याचे घरदार आपण ओळखतो, त्याला हे ज्ञान कुठून आले, असा त्यांचा सवाल होता. शिष्य मात्र त्याला 'गुरुजी' म्हणत. लॅटिन बायबलमध्ये तिथे 'मागिस्तेर' आहे आणि पोर्तुगीज बायबलमध्ये 'मेस्त्रे'. नाझरेथकरांचा शब्द आणि शिष्यांचा शब्द, दोन्ही आपल्या किनाऱ्यावर एकाच 'मेस्त्री'त येऊन बसले आहेत.