चित्रांवरून बांधलेले नगर

पोलंड देशाची राजधानी वॉर्सा ही व्हिस्टुला नदीच्या काठी वसलेली आहे. युरोपच्या प्रवासास निघालेले लोक पॅरिस, रोम, व्हिएन्ना या नगरांची नावे प्रथम घेतात. वॉर्साकडे पुष्कळांचे पाय वळत नाहीत. परंतु दोन-तीन दिवसांची सवड काढून जो प्रवासी हे नगर पाहतो, त्याला तेथे असे एक नवल पाहावयास मिळते, की तसे अन्यत्र क्वचितच आढळेल.

नगरदर्शनाचा आरंभ बहुधा राजवाड्यापुढील चौकापासून होतो. चौकाच्या मध्यभागी एक उंच स्तंभ असून त्याच्या शिखरावर तिसरा सिगिस्मंड या राजाचा पुतळा आहे. या राजाने पोलंडची राजधानी क्राकूवहून वॉर्सास आणली. स्तंभ १६४४ साली त्याच्या पुत्राने उभारला. तेथून एका अरुंद फरसबंदी रस्त्याने थोडे चालले की जुन्या नगरातील बाजाराचा चौक लागतो. चारी बाजूंना पिवळ्या, तांबूस, हिरवट रंगांची, एकमेकींस खेटून उभी असलेली चिंचोळी घरे, दारांवर कोरीव नक्षी, भिंतींवर रंगचित्रे, आणि मध्यभागी ढाल-तलवार घेतलेली जलपरी! ही जलपरी म्हणजे या नगराचे मानचिन्ह होय.

ही घरे तीन-चारशे वर्षांपूर्वीची असावीत, असेच पाहणाऱ्यास वाटते. परंतु खरे पाहता यांतील बहुतेक भिंती १९५० च्या सुमारास बांधलेल्या आहेत. जुने दिसणारे हे नगर वस्तुतः फार नवे आहे. असे का झाले, हे समजण्यासाठी या नगराचा इतिहास जाणला पाहिजे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि दुसऱ्या महायुद्धास तोंड लागले. वॉर्सावर बाँब व तोफगोळे यांचा वर्षाव झाला. १७ सप्टेंबर रोजी राजवाड्याला आग लागली. त्या धुमश्चक्रीत चित्रे व मौल्यवान वस्तू बाहेर काढण्यासाठी संग्रहालयाचे सेवक धावले. राजवाड्यातील संग्रहाचे रक्षक काझिमिएझ ब्रोक्ल यांना त्याच दिवशी मृत्यू आला. मनोऱ्यावरील घड्याळ सव्वाअकरा वाजता बंद पडले.

पुढे पाच वर्षे नगर जर्मनांच्या अमलाखाली होते. १ ऑगस्ट १९४४ रोजी नागरिकांनी उठाव केला. अपुरी शस्त्रे, अपुरे अन्न, तरीही ते त्रेसष्ट दिवस लढले. शेवटी उठाव मोडला गेला. सुमारे दीड ते दोन लाख नागरिक प्राणास मुकले. उरलेल्यांना नगराबाहेर घालविण्यात आले. मग रिकाम्या नगरात सैनिकांनी एकेक घर जाळले, सुरुंग लावून एकेक इमारत उडविली. राजवाडा जमीनदोस्त झाला. सिगिस्मंड राजाचा स्तंभही कोसळला. १९४५ च्या जानेवारीत युद्धाची आघाडी पुढे सरकली, तेव्हा नगराचा शेकडा ऐंशीहून अधिक भाग विटामातीचा ढिगारा होऊन पडला होता.

आता पुढे काय करावे? राजधानी दुसऱ्या शहरी न्यावी, असे काहींचे म्हणणे होते. परंतु हिवाळ्याच्या त्या कडाक्यात लोक पायी चालत, गाड्या ओढीत आपल्या पडक्या घरांकडे परतू लागले. ज्या नगराचे नाव पुसून टाकण्याचा शत्रूने निश्चय केला, ते जसे होते तसेच उभारावयाचे, असे अखेर ठरले.

तथापि पडलेल्या घराचे दार किती उंच होते, छज्जा कसा होता, हे आता कोण सांगणार? येथे दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली गोष्ट म्हणजे बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराची चित्रे. हा मूळचा व्हेनिसचा. त्यालाही त्याच्या मामाप्रमाणे 'कानालेत्तो' म्हणत. १७६८ पासून तो पोलंडच्या राजाच्या पदरी होता आणि १७८० साली वॉर्सातच त्याचा अंत झाला. त्याने नगरातील रस्ते, वाडे, चर्चे यांची चित्रे अशी बारकाईने काढली, की खिडक्या मोजाव्यात. ही चित्रे जर्मनांनी नेली होती. युद्धानंतर ती परत मिळाली. चित्रकाराने सौंदर्यासाठी क्वचित कोठे फेरफार केलेला असे. म्हणून केवळ चित्रांवर विसंबून चालणार नव्हते.

दुसरी गोष्ट म्हणजे विद्यार्थ्यांची रेखाटने. युद्धापूर्वी तेथील तंत्रविद्यापीठात स्थापत्य शिकणारे विद्यार्थी जुन्या नगरात जात, हाती फीत घेऊन दारे, खिडक्या, जिने मोजीत आणि त्यांचे आराखडे काढीत. अभ्यास म्हणून केलेले ते काम होते. त्या कागदांचे पुढे काय मोल होणार आहे, याची त्यांना तेव्हा कल्पनाही नव्हती. युद्धकाळात प्राध्यापकांनी हे आराखडे लपविले आणि नगराबाहेरच्या एका मठात सुरक्षित ठेवले. चित्रे, छायाचित्रे आणि ही रेखाटने यांचा मेळ घालून कारागिरांनी काम आरंभिले. ढिगाऱ्यात सापडलेला प्रत्येक कोरीव दगड निवडून ठेवला. विटा कमी पडल्या, तेव्हा दुसऱ्या उद्ध्वस्त नगरांतून आणल्या. १९४९ साली राजाचा पुतळा नव्या स्तंभावर चढला. १९५३ साली बाजाराचा चौक पूर्ण झाला. १९८० साली युनेस्कोने जुन्या वॉर्साचा समावेश जागतिक वारशात केला.

राजवाड्याचे काम मात्र लांबले. त्याचा निर्णय १९७१ साली झाला. देशोदेशींच्या पोलिश लोकांनी वर्गणी पाठविली. राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्टानिस्वाव लोरेन्ट्स व त्यांचे सहकारी यांनी जर्मनांच्या नजरा चुकवून राजवाड्यातील कोरीव तुकडे वाचविले होते. ते आता नव्या भिंतींत बसविण्यात आले. १९७४ साली मनोऱ्यावरील घड्याळ पुन्हा सुरू झाले, तेही बरोबर सव्वाअकरा वाजता! १९८४ साली राजवाडा लोकांस खुला झाला. आज तेथील एका दालनात बेलोत्तोची ती चित्रे टांगलेली आहेत. प्रवासी आधी चित्र पाहतात आणि मग बाहेर जाऊन तोच रस्ता प्रत्यक्ष पाहतात.

हिंडून भूक लागली, की येथे उपाहारगृहांची वाण नाही. परंतु ज्याला गावचे अन्न गावच्या लोकांबरोबर खावयाचे असेल, त्याने 'बार म्लेच्नी' म्हणजे दुधाचे उपाहारगृह गाठावे. असे पहिले उपाहारगृह वॉर्सात १८९६ साली निघाले. स्वस्तात पोटभर जेवण मिळावे, म्हणून अशा ठिकाणच्या खर्चाचा काही भार सरकार उचलते. आधी गल्ल्यावर पैसे भरावे, चिठ्ठी घ्यावी, ती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यावी आणि आपले ताट आपणच आणावे. जेवण झाले की रिकामी ताटे आपणच नेऊन ठेवावीत. विद्यार्थी, मजूर, वृद्ध आजीबाई सारे एकाच मेजावर बसतात. 'पिएरोगी' हा तेथील आवडता पदार्थ. तो दिसतो करंजीसारखा, पण पाण्यात शिजवितात. आत बटाटा व ताज्या चीजचे सारण असते. बीटाचे तांबडेलाल सार असते. 'झुरेक' नावाचे दुसरे एक सार राय धान्याचे पीठ आंबवून करतात. त्याचा आंबूसपणा महाराष्ट्रीय मनुष्यास आंबिलीची आठवण करून देतो. मात्र त्यात बहुधा मांस व अंडे असते, हे शाकाहारी मनुष्याने ध्यानात ठेवावे.

नगराच्या दुसऱ्या भागात 'पोलिन' हे संग्रहालय आहे. पोलंडमध्ये सुमारे हजार वर्षे राहिलेल्या ज्यू लोकांचा इतिहास तेथे सांगितला आहे. येथील ज्यूंना जर्मनांनी १९४० साली भिंत घालून कोंडले. एके काळी त्या भिंतीआड सुमारे ४ लाख माणसे होती. उपासमारीने व रोगराईने असंख्य मेले आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांना मृत्युछावण्यांत नेऊन मारण्यात आले. १९४३ च्या एप्रिलमध्ये उरलेल्यांनी शस्त्र उचलले. तो लढा महिनाभरही टिकला नाही; पण तो जगाच्या स्मरणात राहिला. जुन्या नगरातील घरे चित्रांवरून पुन्हा बांधता आली. या मोहल्ल्यातील माणसे मात्र कोणत्याही चित्रावरून परत आणता येण्यासारखी नव्हती. वॉर्सा पाहणाऱ्याने हे दोन्ही भाग पाहिले पाहिजेत. एरवी त्याचे नगरदर्शन अपुरे राहील.

दरवर्षी १ ऑगस्टला सायंकाळी पाच वाजता वॉर्सात भोंगे वाजतात. रस्त्यातील मोटारी, ट्रामगाड्या, पादचारी सारे जागच्या जागी थांबतात. एक मिनिटभर अवघे नगर स्तब्ध उभे राहते आणि पुन्हा चालू लागते.

या नगराशी महाराष्ट्राचाही एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. महायुद्धात बेघर झालेले सुमारे ५ हजार पोलिश लोक, त्यांत बहुतेक बायका व मुले, रशिया व इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे राहिले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. जे नगर आपल्या पडलेल्या भिंतींचा एकेक दगड जपून ठेवते, ते आपल्या लेकरांना आसरा देणाऱ्या गावाला कसे विसरेल? वॉर्सात आज कोल्हापूरचे नाव धारण करणारे एक स्मारक उभे आहे.