कर्णनाद : कानांतील नवा पाहुणा

डोळे मिटले असतां जग दिसेनासें होतें. परंतु कान मिटण्याची सोय ईश्वरानें मनुष्यास दिलेली नाहीं. झोपेंतही कान जागेच असतात. म्हणूनच, बाहेर कोठेंही आवाज नसतां ज्याच्या कानांत रात्रंदिवस शिटी वाजूं लागते, त्याची अवस्था मोठी कठीण होते. त्यास पळून जावयास जागाच उरत नाहीं. या विकाराविषयीं चार उपयुक्त गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगाव्या असें आम्हीं योजिलें आहे. विषय वैद्यकाचा खरा. तथापि त्याचा पहिला धडा आम्ही वर्गांतच शिकलों, आणि तोही आमच्या हातून एक चूक घडल्यावर. ती चूक प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक हुशार मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर एकाएकीं लक्ष देईनासा झाला. श्रुतलेखनांत तो शब्द गाळी, प्रश्न एक विचारला असतां उत्तर दुसरेंच देई, आणि सारा वर्ग शांतपणें लिहावयास बसला कीं हा मात्र चुळबूळ करूं लागे. आम्हीं त्यास दोनदां वर्गाबाहेर उभें केलें. तिसऱ्या वेळीं तो रडकुंडीस येऊन म्हणाला, "सर, माझ्या कानांत रातकिडा ओरडतो. तुम्हांला तो ऐकूं येत नाहीं का?" सुट्टींत एक फटाका त्याच्या कानाजवळ फुटला होता, व वडील रागावतील या भीतीनें त्यानें ती गोष्ट घरीं सांगितली नव्हती. मुलगा ऐकत नाहीं असें आम्ही म्हणत होतों. वस्तुतः त्याचें ऐकत नव्हतों ते आम्ही. पुढें हाच रातकिडा आमच्याही कानांत येऊन बसला, तेव्हां त्या मुलानें काय सोसलें असेल तें आम्हांस पुरतें कळलें.

हा विकार आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनादाची गणना आहे. पाश्चात्त्य वैद्यकांत यास टिनिटस म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ किणकिणणें असा आहे. कोणास शिटी, कोणास घोंघावणें, कोणास वाफ निसटल्यासारखा सूं सूं आवाज ऐकूं येतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें जगांतील प्रौढ माणसांपैकीं शेंकडा सुमारें १४ जणांस याचा अनुभव आहे. म्हणजे ज्यास हा नाद नव्यानें जडला, तो या वाटेवर एकटा नाहीं.

आतां हा आवाज येतो कोठून तें पाहूं. बाहेरचा ध्वनि कानाच्या नळींतून जाऊन कर्णपटलावर आदळतो. पटल थरथरतें, व त्याची थरथर हातोडी, ऐरण आणि रिकीब अशा आकाराच्या तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीनें अंतःकर्णांत पोंचते. तेथें गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी असलेली एक पोकळी द्रवानें भरलेली असते. तींत सुमारें १५,००० सूक्ष्म पेशी रांगेनें उभ्या असून त्यांच्या माथ्यावर केसांसारखे बारीक तंतु असतात. द्रवांत लाट उठली कीं, वाऱ्यानें जोंधळ्याचें शेत लवावें तसे हे तंतु लवतात, आणि त्याची वार्ता श्रवणाच्या मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते. तेव्हां खरें ऐकणारा कान नव्हे. तो मेंदू होय.

प्रचंड आवाजानें किंवा वार्धक्यानें या पेशी मरतात. पक्ष्यांच्या कानांत त्या पुन्हा उत्पन्न होतात. मनुष्याच्या कानांत होत नाहींत. ज्या स्वराच्या पेशी गेल्या, त्या स्वराची वार्ता मेंदूस येईनाशी होते. दूरच्या केंद्राचा आवाज क्षीण झाला म्हणजे आपण रेडिओची कळ पिळून आवाज चढवितों, व मग गाण्याऐवजीं खरखरच अधिक ऐकूं येते. मेंदूही असेंच कांहीं करतो, असें आज पुष्कळ शास्त्रज्ञांचें मत आहे. याशिवाय कानांत मळ दाटणें, मध्यकर्णास सूज येणें, तसेंच क्विनीन, स्ट्रेप्टोमायसीन किंवा मोठ्या मात्रेंतील ॲस्पिरीन यांसारखीं औषधें, हींही कारणें असूं शकतात. त्यांपैकीं मळासारखें कारण दूर होतांच पुष्कळदां नादही थांबतो.

येथें एक प्रयोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १९५३ साली अमेरिकेंत हेलर व बर्गमन यांनीं ऐकण्यांत दोष नसलेल्या ८० माणसांस आवाज न पोंचणाऱ्या खोलींत बसविलें, आणि काय ऐकूं येतें तें टिपावयास सांगितलें. शेंकडा ९४ जणांनीं कसला ना कसला आवाज ऐकल्याचें नमूद केलें! तात्पर्य, संपूर्ण निःशब्दतेंत निरोगी माणसाच्या कानांतही कांहीं तरी वाजत असतें. मग एकास त्याचें भानही नसतें आणि दुसऱ्याची झोंप उडते, असें कां? नादाच्या मोठेपणाबरोबरच दुसरें एक कारण येथें फार बलवान असतें. तें म्हणजे भय. आगगाडीच्या रुळांशेजारीं राहणारी माता गाडीच्या खडखडाटांत गाढ झोंपते, पण तान्हें बाळ जरा कण्हलें कीं उठून बसते. मेंदूनें जो आवाज महत्त्वाचा मानला, तो लहान असला तरी ऐकूं येतो. जो निरुपद्रवी मानला, तो मोठा असला तरी विसरला जातो. कर्णनादाचा त्रास याच रीतीनें वाढतो, हें १९९० साली पावेल यास्ट्रेबोफ या शास्त्रज्ञानें विशेष स्पष्ट करून मांडलें. "आतां मी बहिरा होणार, माझें डोकें बिघडणार," अशी धास्ती घेतली कीं मेंदू त्या नादावर पहारा ठेवतो, व पहारा ठेविला कीं नाद अधिकच मोठा भासतो.

मग नव्यानें हा नाद सुरू झालेल्या माणसानें करावें काय?

पहिली गोष्ट, कान डॉक्टरांस दाखवावा व श्रवणाची परीक्षा करून घ्यावी. मोठ्या आवाजानंतर आलेला नाद पुष्कळदां एकदोन दिवसांत ओसरतो. तसा न ओसरल्यास उगीच वाट पाहूं नये. एकाएकीं एका कानानें कमी ऐकूं येऊं लागलें तर मात्र त्याच दिवशीं तज्ज्ञांकडे जावें, कारण त्यावरील उपचार पहिल्या कांहीं दिवसांतच विशेष गुणकारी होतो. नादाबरोबर भोंवळ येत असेल, नाद नाडीच्या ठोक्यांबरोबर वाजत असेल, तो एकाच कानांत असेल, किंवा कानांतून पू अथवा रक्त येत असेल, तरीही चालढकल करूं नये. डोक्यास मार लागल्यावर नाद सुरू झाला किंवा तोंड वांकडें झालें, तर तांतडीनें रुग्णालय गांठावें. घरीं लसूण घालून कढविलेलें तेल ओतणें, काडी किंवा कानकोरणें घालणें, रस्त्यावरील माणसाकडून कान साफ करवून घेणें, हे प्रकार सर्वथा टाळावे. "नाद हमखास बंद करूं" अशा जाहिरातींसही भुलूं नये. हा नाद नाहींसा करील असें सिद्ध झालेलें औषध अद्यापि निघालेलें नाहीं.

दुसरी गोष्ट, अगदीं निःशब्द जागा शोधूं नये. काळोखांत काजवा जसा चमकतो, तसा शांततेंत हा नाद चमकतो. निजावयाच्या खोलींत पंख्याची घरघर, खिडकींतून येणारी झाडांची सळसळ, किंवा अगदीं मंद लाविलेला पावसाचा अथवा तंबोऱ्याचा आवाज असूं द्यावा. तो नादास बुडविण्याइतका मोठा नको. नाद व तो आवाज एकमेकांत मिसळतील इतकाच पुरे. भीतीनें दिवसभर कानांत बोळे घालून बसणेंही अपायकारकच, कारण त्यानें मेंदू अधिकच कान टवकारतो. ऐकूं कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावावें. बाहेरचे आवाज नीट पोंचूं लागले म्हणजे पुष्कळांचा नाद मागें पडतो.

तिसरी गोष्ट, नादाची झडती घेऊं नये. सकाळीं उठल्याबरोबर "आहे का? काल होता तेवढाच आहे का?" असें पाहण्याचा मोह फार होतो. आम्हांसही तो झाला, व पहिले कांहीं आठवडे त्यांतच फुकट गेले. नाद ऐकूं आला तर "हा आहे, पण याच्यापासून मला धोका नाहीं" असें मनाशीं म्हणून हातांतील काम पुढें चालवावें. खेळ, वाचन, सोबत्यांशीं गप्पा, बागेंतील काम यांपैकीं कांहींही सोडूं नये. रात्रीं झोंप येत नसेल तर अंथरुणांत नादाशीं कुस्ती खेळत पडूं नये; उठून मंद दिव्याजवळ कांहीं हलकें वाचावें, व डोळे जड झाले म्हणजे पुन्हा निजावें. मनाच्या अशा सवयी पद्धतशीरपणें बदलण्याचा उपचार मानसोपचारतज्ज्ञ करतात. त्यानें नाद लहान होतोच असें नाहीं, परंतु त्याचा जाच कमी होतो, असें काळजीपूर्वक केलेल्या परीक्षणांवरून दिसून आलें आहे.

चौथी गोष्ट, आणि आमच्या मतें सर्वांत मोठी, हा नाद लपवूं नये. प्रसिद्ध जर्मन संगीतकार बीथोव्हेन याचें उदाहरण येथें बोधप्रद होईल. २९ जून १८०१ रोजीं व्हिएन्नाहून त्यानें आपला बालमित्र डॉक्टर वेगेलर यास पत्र लिहून कळविलें, कीं आपल्या कानांत रात्रंदिवस गुणगुण चालते, ऐकूं कमी येतें, आणि ही गोष्ट लोकांस सांगवत नसल्यामुळें जवळजवळ दोन वर्षें आपण मेळाव्यांत जाणें टाळीत आहों. त्या वेळीं त्याचें वय अवघें तीस वर्षांचें होतें. पुढल्या वर्षीं भावांस उद्देशून लिहिलेल्या, पण कधींही न धाडलेल्या लेखांत त्यानें आपली निराशा ओतली आहे. जीव नकोसा झाला असतां केवळ कलेनें आपणांस धरून ठेविलें, असा त्याचा भाव आहे. त्यानें काम मात्र सोडलें नाहीं. ७ मे १८२४ रोजीं त्याची नववी सिंफनी प्रथम वाजविली गेली, तेव्हां त्यास टाळ्याही ऐकूं येत नव्हत्या; एका गायिकेनें त्यास श्रोत्यांकडे वळविलें, तेव्हां त्या दिसल्या. त्याचें धैर्य आपण घ्यावें, त्याचा एकांतवास घेऊं नये. दुखणें मित्रास सांगितलें त्या दिवशीं त्याचा भार थोडा तरी हलका झाला असेल.

पालकांस आमची विनंती अशी, कीं मूल "कानांत कांहीं वाजतें" असें म्हणाल्यास त्यास हंसूं नये, दटावूं नये, आणि घाबरवूंही नये. पुष्कळ मुलें तर हें सांगतच नाहींत. सर्वांनाच असें ऐकूं येत असावें, असें त्यांस वाटतें. अभ्यासांत एकाएकीं लक्ष न लागणें, शांत खोलींत निजावयास भिणें, वारंवार "काय?" म्हणून विचारणें, अशीं चिन्हें दिसल्यास प्रेमानें चौकशी करावी.

आणि ज्यांचे कान निरोगी आहेत त्यांनीं ते जपावे. ८५ डेसिबल इतका आवाज दिवसांतून ८ तासांहून अधिक कानीं पडूं नये, व त्यापुढें दर ३ डेसिबलांस ही मुदत निम्मी करावी, असा कामगारांच्या कानांसाठीं सुचविलेला एक दंडक आहे. या हिशेबानें १०० डेसिबलांस केवळ १५ मिनिटें उरतात! मिरवणुकींतील डीजेच्या भिंतीपुढें नाचणाऱ्या मुलांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. ढोलताशा वाजविणाऱ्यांनीं कानांत बोळे घालावे, फटाक्यांपासून दूर उभें राहावें, आणि इअरफोनचा आवाज बेताचाच ठेवावा. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवूं नये, हा भारत सरकारच्या २००० सालच्या नियमांतील निर्बंध केवळ शेजाऱ्यांच्या झोंपेसाठीं नाहीं, आपल्या कानांसाठींही आहे.

त्या मुलाचें पुढें काय झालें? डॉक्टरांच्या तपासणींत त्याच्या एका कानाचें उंच स्वर ऐकणें थोडें उणें झाल्याचें आढळलें. वडील रागावले नाहींत. आम्हीं त्याची जागा बदलून त्यास पुढल्या बाकावर, खिडकीशीं, बाहेरच्या झाडाची सळसळ येईल अशी दिली, व त्याची क्षमाही मागितली. वार्षिक परीक्षेच्या वेळीं आम्हीं सहज विचारलें, "काय रे, तुझा रातकिडा आहे का अजून?" तो क्षणभर थांबला, जणूं दूरचें कांहीं ऐकावें तसा, आणि म्हणाला, "आहे, सर. पण तुम्ही विचारलें म्हणून आठवला."

ज्यांच्या कानांत हा पाहुणा नुकताच आला आहे, त्यांस आमचें सांगणें इतकेंच, कीं तो कदाचित् जाईल, कदाचित् राहील. पण राहिला तरी घराचा धनी तो नव्हे. पहिले दिवस सर्वांत कठीण असतात, व ते दिवस सरतात. तोंवर धीर धरावा, काम करावें, आणि आपलें दुःख कोणास तरी सांगावें. ऐकणाऱ्यानें तें ऐकावें, एवढी बुद्धि परमेश्वर आम्हां शिक्षकांस व सर्व वडीलधाऱ्यांस देवो.