काच पुसणारा मुलगा आणि फास्टॅगमधले पैसे

प्रश्न : आम्ही जयपूरच्या सोडाला भागात राहतो. अधूनमधून गाडीने पुण्याला येणे होते. चौकात एखादा मुलगा काच पुसायला आला की आमचे हे मला घाईने गाडी पुढे घ्यायला लावतात. हातातल्या घड्याळाने तो फास्टॅग स्कॅन करून पैसे काढतो म्हणे! हे खरे आहे का? या टॅगमुळे आपण कुठे कुठे जातो तेही सरकारला कळते का? आणि लेकीने आणलेल्या ड्रेसच्या लेबलातही तसलीच चकचकीत पट्टी दिसली, तिचे काय करायचे?

उत्तर : काच पुसणाऱ्या मुलाला आधी निर्दोष सोडू या. ही गोष्ट ज्या व्हिडिओतून पसरली, तो जून 2022 मध्ये देशभर फिरला. तो खोटा असल्याचा खुलासा सरकारनेही केला आणि फास्टॅगचे व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेनेही केला. तरीही धास्ती गेलेली दिसत नाही, म्हणून टॅग चालतो कसा ते पाहू.

काचेवरच्या त्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. असते ती एक बारीक चिप आणि तिला जोडलेली पातळ धातूची अँटेना. टोलनाक्यावरचा रीडर रेडिओलहरी सोडतो. भारतात त्यासाठी 865 ते 868 मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेला आहे. त्या लहरींतूनच चिपला चालण्यापुरती ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक रीडरला कळवते. टॅगचे काम इथे संपते.

पैसे टॅगमध्ये नसतातच. ते तुमच्या बँकेतल्या खात्यात असतात. नाक्याची बँक तो क्रमांक एनपीसीआयमार्फत तुमच्या बँकेकडे पाठवते आणि मग रक्कम वळती होते. ही मागणी फक्त नोंदणी झालेल्या नाक्याच्या किंवा पार्किंगच्या यंत्रणेतूनच करता येते. एका व्यक्तीने दुसऱ्याच्या फास्टॅगमधून पैसे घ्यावेत अशी सोयच त्यात नाही. समजा, त्या मुलाने खरोखरच रीडर आणून क्रमांक वाचला, तरी तो क्रमांक घेऊन जाणार कुठे? पैसे जमा व्हायला त्याच्या नावावर टोलनाका हवा!

आता दुसरी शंका, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. टॅगमध्ये जीपीएस नाही. सोडाल्याहून मानसरोवरला भाजी आणायला गेलात तर वाटेत त्याला कुणी काही विचारत नाही. उपग्रहावरून टोल घेण्याची योजना वेगळी. तिच्या बातम्या वाचून लोक फास्टॅगलाच उपग्रहाशी जोडतात. पण अजमेरच्या रस्त्याला लागून ठिकरियाचा नाका ओलांडलात की गाडी, नाका, तारीख, वेळ आणि रक्कम यांची नोंद होते. तुमच्या मोबाइलवर येणारा मेसेज म्हणजे तीच नोंद. पुण्यापर्यंतचे सगळे नाके जोडले तर तुमचा प्रवास तासातासाने मांडता येतो. एकट्या माणसाचे जाणे-येणे, माहेरची खेप, दवाखान्याच्या फेऱ्या, सगळेच त्यातून वाचता येते.

या नोंदी बँकेकडे आणि टोलच्या यंत्रणेकडे राहतात. तपासात पोलिसांना त्या मिळू शकतात, आणि चोरीची गाडी अशा नोंदींवरून सापडल्याची उदाहरणेही आहेत. फायदा खराच. पण फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा आहे; नको म्हणणाऱ्याला रोखीचा दुप्पट टोल भरण्याची पाळी आली. सक्तीने गोळा केलेल्या नोंदी किती दिवस ठेवायच्या आणि कोणी पाहायच्या, हे वाहनमालकाला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितले. 2023 मध्ये विदासंरक्षणाचा कायदाही झाला; मात्र सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे.

याहून जवळची एक फट तुम्ही घरबसल्या तपासू शकता. पेमेंट अ‍ॅपमध्ये फास्टॅग रिचार्ज उघडा, बँक निवडा आणि स्वतःच्या गाडीचा नंबर टाका. काही बँकांच्या बाबतीत खातेदाराचे पूर्ण किंवा अर्धवट नाव दिसते, कधी शिल्लकही. गाडीचा नंबर तर पाटीवर सगळ्यांसमोर असतो. म्हणजे नाव शोधणाऱ्याला टॅग वाचण्याची गरजच नाही. तुमच्या बँकेत असे दिसले तर लेखी तक्रार जरूर करा.

गाडी विकताना टॅग बँकेकडून बंद करून घ्या. नुसता खरवडून काढला तर काचेवरून जातो, खाते मात्र चालूच राहते. सोसायटीच्या फाटकावर फास्टॅग वाचणारा रीडर बसवला असेल, तर त्या नोंदी किती दिवस ठेवता, हे समितीला विचारायला संकोच करू नका. तिथे पैसे कापले जात नाहीत, पण घरातून कोण कधी निघाले ते कळते.

राहिला ड्रेस. त्या लेबलात त्याच जातीची चिप असते. दुकानदाराला मालाची मोजदाद आणि बिल झटपट करता येते. डेकॅथलॉनमध्ये कपडे खोक्यात टाकताच पडद्यावर यादी येते, ती यामुळेच. चिपमध्ये त्या नगाचा क्रमांक असतो, तुमच्या लेकीचे नाव नाही. पण बिल कार्डाने दिले असेल, तर दुकानाच्या संगणकात क्रमांक आणि ग्राहक यांची जोडी लावता येते. 2003 मध्ये बेनेटन कंपनीच्या कपड्यांत असे टॅग शिवले जाणार अशी बातमी आली, तेव्हा अमेरिकेत ग्राहकांनी बहिष्काराची हाक दिली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. चिप कायमची मुकी करण्याची आज्ञा या तंत्रात आहे, पण ती बिलाच्या वेळी वापरली जातेच असे नाही. तेव्हा ड्रेस बदलून घ्यायचा नाही हे नक्की झाले, की लेबल शिवणीपाशी कात्रीने कापून टाका.