आरोग्यपाठ : न दुखणारा चट्टा



आमच्या फिरत्या दवाखान्याविषयी तुम्ही नेहमी विचारता, "सिस्टर, पाड्यांवर सर्वांत जास्त कोणता आजार दिसतो?" ताप, खोकला, खरूज, अंगदुखी हे तर रोजचेच. पण मला अधिक काळजी वाटते ती ज्याची कोणी तक्रारच करत नाही अशा दुखण्याची. म्हणून या अंकातील पाठ त्वचेविषयी आहे.

त्वचा काय सांगते

शरीराच्या आत काही बिघडले की त्याची खूण पुष्कळदा आधी त्वचेवर उमटते. कसाऱ्याच्या आसपासच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांत आम्ही पुढील खुणा मुद्दाम पाहतो.

१. फिकटपणा : सावळ्या वर्णावर तो चेहऱ्यावरून कळत नाही. खालची पापणी ओढून आतला भाग, जीभ आणि तळहात पाहावेत. ते पांढुरके असतील तर रक्त कमी आहे. गरोदर स्त्रीच्या बाबतीत हे जिवावरचे ठरू शकते.

२. पिवळे डोळे : ही कावीळ असू शकते. आदिवासी मुलाला वारंवार कावीळ व सांधेदुखी होत असेल तर सिकलसेलची तपासणी करावी.

३. मानेवरील काळी, जाड, मखमली त्वचा : अनेकजण ती मळ समजून घासत बसतात. ती घासून जात नाही. अशा माणसाने रक्तातील साखर तपासावी.

४. लहान मुलाच्या पायांवर सूज आणि सोलपटणारी कातडी : "बाळ गुटगुटीत झाले" असे समजू नये. हे गंभीर कुपोषण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पाचवी खूण म्हणजे बधिर चट्टा. ती सर्वांत शांत असते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते.

खाज नाही, दुखत नाही

एका पाड्यावर चाळिशीतले एक दादा भेटले. त्यांच्या हातावर फिकट तांबूस चट्टा होता, तीन वर्षांपासूनचा. "खाजत नाही, दुखत नाही, मग दवाखान्यात कशाला जाऊ? मजुरी बुडते," ते म्हणाले. भगताकडचा पाला लावून झाला होता. त्यांच्या बोटांवर विडीच्या चटक्यांचे डाग होते. विडी संपून बोटाला लागली तरी त्यांना कळत नव्हते. करंगळी आत वळू लागली होती. हा कुष्ठरोग होता. औषधाने जंतू मेले, दादा बरे झाले. पण वळलेली करंगळी सरळ झाली नाही. त्यांच्या मुलीच्या पाठीवरही एक लहान चट्टा निघाला. तो वेळेवर सापडल्यामुळे तिच्या हातापायांना काहीही झाले नाही.

एकाच घरातल्या या दोघांत फरक पडला तो फक्त वेळेचा. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतील आणि हातापायांच्या नसांवर हल्ला करतात. नस मेली की वेदना जाते. वेदना गेली की चुलीवरचे तापलेले पातेले हाताला भाजते, लावणीच्या चिखलात काटा रुततो, आणि माणूस काम करतच राहतो. बोटे रोगाने झडत नाहीत. न कळलेल्या जखमा पिकून ती नष्ट होतात.

घरी कसे पाहावे

चट्टा त्वचेपेक्षा फिकट किंवा तांबूस असतो. आधी त्या माणसाला डोळे उघडे ठेवून चांगल्या त्वचेवर बॉलपेनचे टोक हलकेच टेकवून दाखवा. मग डोळे मिटायला सांगून कधी चट्ट्यावर, कधी चट्ट्याबाहेर टेकवा. जिथे स्पर्श झाला तिथे त्याने बोट ठेवावे. चट्ट्यावर कळले नाही तर आरोग्य केंद्रात न्या. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात स्पर्श बहुधा शाबूत असतो, म्हणून तो कळला तरी डॉक्टरांना दाखवा. जाड झालेली कानाची पाळी, विरळ भुवया, तेलकट चमकणारी त्वचा, हातापायांना मुंग्या याही खुणाच आहेत.

गजकर्णाला खाज सुटते. कोडाचे डाग दुधासारखे पांढरे असतात, त्यांत स्पर्श कळतो. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे आणि ते संसर्गजन्यही नाही.

उपचार

नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. त्या कसारा प्राथमिक आरोग्य केंद्रात, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, सर्वच सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. गोळ्यांनी लघवी लालसर होते, त्वचा काळवंडते. घाबरून औषध सोडू नये, हे पुढे ओसरते. मात्र चट्टे एकाएकी सुजले, नस दुखू लागली किंवा हातापायातली ताकद गेली, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

आमच्या भागातील खरी अडचण स्थलांतराची आहे. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि गोळ्यांचा क्रम तुटतो. निघण्यापूर्वी आशाताईंना सांगितले तर पुढच्या गोळ्यांची सोय होऊ शकते.

भीती आणि शब्द

२००५ च्या अखेरीस देशातील प्रमाण दर दहा हजारांत एकापेक्षा कमी झाले आणि अनेकांना रोग संपला असे वाटले. तो संपलेला नाही. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. तरीही भीतीचे कारण नाही. बहुसंख्य माणसांत या रोगाशी लढण्याची ताकद उपजतच असते, आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच संपतो. त्याचे ताट वेगळे करू नये, त्याला घराबाहेर ठेवू नये.

आपल्या राज्यात मिरज, अमरावतीकडील कोठारा अशा ठिकाणी मिशनच्या दवाखान्यांनी या रुग्णांची पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली. कायदा मात्र सावकाश बदलला. रुग्णांना वेगळे ठेवण्याचा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वगळले गेले.

आपल्या बोलण्यातही बदल हवा. लेवीयाच्या तेराव्या अध्यायात याजक त्वचा तपासतो, पण तिथला शब्द कपड्यांच्या डागांनाही लावला आहे. तो सरळ आजच्या कुष्ठरोगाला जोडू नये, आणि रोगाला पापाची शिक्षा तर मुळीच म्हणू नये. प्रभूने त्या रुग्णाला बरे करताना आधी हात लावला, हे मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे. सरकारच्या कुष्ठरोग मोहिमेचे नावही 'स्पर्श' आहे. ३० जानेवारीला ती गावोगावी होते.

तुम्ही काय करू शकता

- महिन्यातून एकदा घरातल्या सर्वांची त्वचा उजेडात पाहा. पाठ विसरू नका. ती स्वतःला दिसत नाही.
- "महारोगी" हा शब्द सोडा. "कुष्ठरुग्ण" म्हणा, आणि बरा झालेल्याला त्याच्या नावाने हाक मारा.
- मदत पाठवताना जुने बूट पाठवू नका. बधिर पायाला त्यांतला खिळा कळत नाही. मऊ रबराच्या, खिळे नसलेल्या चपला आणि गरम भांडी धरायला जाड सुती फडकी पाठवा.

मंडळीत चर्चेसाठी

१. वेदना नसणे हे चांगले लक्षण असे आपण का समजतो?

२. बरा झालेला कुष्ठरुग्ण रविवारी आपल्या बाकावर येऊन बसला, तर आपण काय करू?

३. आपल्या ओळखीत कोणाच्या अंगावर जुना चट्टा आहे का? या आठवड्यात त्यांच्यासोबत आरोग्य केंद्रात कोण जाईल?